स्वल्प सरी

मुलांनो, आज आमच्या जयनगरच्या रस्त्यावर नवं डांबर घालतायत. त्या वासानं मला चामराजपेटचा एक उतार आठवला. आमचं नुकतंच लग्न झालं होतं. तुमचे आजोबा आणि मी जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, अगदी पुढे बसलो होतो.

उतार लागताच जटकेवाला मस्तानअण्णा ओरडला, “स्वल्प सरी, स्वामी! हिंदे सरी!”

आजोबांना तेव्हा एवढंच कन्नड येई, की सरी म्हणजे ठीक. ते ऐटीत “सरी, सरी!” म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. तो बिचारा मागे सरका म्हणत होता. आमचा सगळा भार पुढे आला आणि घोडी गुळगुळीत डांबरावर गुडघे टेकून कोसळली.

मस्तानअण्णानं जखमांवर पाणी ओतलं, बोटांनी खडी वेचली, फेटा फाडून बांधला. घोडीची कातडी थरथरत होती.

“गुडघे फुटलेली घोडी पाहिली की गिऱ्हाईक चढत नाही, अक्का,” तो मला हिंदीत म्हणाला.

आजोबांनी हा किस्सा आयुष्यभर पाहुण्यांना सांगितला. “सरी, सरी”वर सगळे पोट धरून हसत, आणि आजोबा किस्सा तिथेच संपवत. घोडी पडली, हे कुणालाच कळलं नाही.