कठड्यावरची धूळ

चित्रसंग्रहालयात चढायला उतार केलाय, हे कळलं म्हणूनच मी यायला तयार झाले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पायऱ्या दिसल्या की माझा उत्साह तिथंच मावळतो.

दारात मैत्रिणी म्हणाल्या, "तू उतारावरून ये सावकाश, आपण आत भेटू." आणि गप्पा मारत दगडी पायऱ्या चढून गेल्यासुद्धा.

उतार इमारतीच्या मागच्या अंगाला होता. बांधला होता मात्र मनापासून. चढ बेताचा, मध्ये टेकायला बाक, कडेनं स्टीलचा कठडा. एका हातात काठी, दुसरा कठड्यावर, अशी वर पोचले आणि पाहते तर तळहात धुळीनं माखलेला. समोरच्या दारच्या दगडी पायऱ्या माणसांच्या वर्दळीनं मधोमध झिजल्यात. इथं कुणाचा हातही फिरला नव्हता. ज्यांच्यासाठी हा उतार बांधला, ती माणसं कुठं असतील? घरीच बहुतेक, टीव्हीसमोर, कुणीतरी "चल" म्हणेल याची वाट बघत.

आत चित्रं सुंदर होती. मैत्रिणी दोन दालनं पुढं होत्या, त्यांचं हसणं तेवढं ऐकू येत होतं. भेटल्यावर एकजण म्हणाली, "बरं झालं बाई, तुझी छान सोय झाली." मी मान डोलावली. खोटं काय होतं त्यात?

निघताना पुन्हा तेच. "गेटपाशी भेटू गं."

मी उताराशी आले. कठड्यावर तिरपं ऊन पडलं होतं. धुळीतून एकच स्वच्छ पट्टी वरपासून खालपर्यंत चकाकत होती. येताना माझाच हात फिरला होता तिथून. त्याच पट्टीवर हात ठेवून मी उतरू लागले.