मनोऱ्याखालचा रविवार

घरात तिचं नाव पडलं होतं चौकबाई. ठेवलं होतं नणंदेनं, आणि ते इतकं चपखल बसलं की सासरेसुद्धा रंगात आले की त्याच नावानं हाक मारायचे. नोकरी महापालिकेच्या नगररचना विभागात. शहरातले रस्ते, चौक, बागा कशा असाव्यात ते ठरवायचं काम. पण ते काम तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की कुठल्याही गावी गेलं तरी तिथलं नामांकित काय ते राहायचं बाजूला, आणि ही आधी विचारायची, "इथली म्हातारी माणसं संध्याकाळी बसतात कुठे?"

त्या वर्षी सासरे, नवरा, नणंद अशी सगळी मिळून परगावी फिरायला गेली. तिथला जुना राजवाडा नावाजलेला. गाईड कमानीवरचं कोरीवकाम दाखवत होता आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. हिची तेवढी खाली. राजवाड्याच्या भिंतीचं दगडी जोतं बाहेर आलेलं होतं, गुडघ्याएवढ्या उंचीचं, आणि त्यावर अर्धं गाव येऊन बसलं होतं. कॉलेजची मुलं होती, भाजीच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या बायका होत्या, बुटाची नाडी बांधायला म्हणून टेकलेला आणि मग तिथेच रमलेला एक पोस्टमन होता. राजवाड्याकडे त्यातला एकजण बघत असेल तर शपथ! सगळे एकमेकांकडे, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे.

ती हरखून गेली. पर्समधून टेप काढून तिनं जोत्याची उंची मोजायला घेतली, तशी वॉचमननं शिट्टी फुंकली.

"ओ मॅडम, काय चाललंय?"

"मोजतेय."

"का? राजवाडा घ्यायचाय का विकत?"

"राजवाडा राहू दे तुम्हालाच. ही बसायची जागा तेवढी मी घेऊन जाते."

नणंदेनं कपाळावर हात मारला. "वहिनी, अगं लोक बघतायत आपल्याकडे."

"बघू देत की! त्यासाठीच तर बसलेत ते!"

सासरे मात्र जोत्यावर टेकले ते उठायचं नाव घेईनात. ते निवृत्त बस ड्रायव्हर. बोलणं कमी, पण एकदा बोलले की थेट. बराच वेळ माणसं न्याहाळून झाल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, आपल्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली असं बसता येत नाही ना गं?"

"तुम्ही कधी बसलायत का, बाबा?"

"बसतोय कुठला! सगळी नोकरी त्याला वळसे घालण्यात गेली. रोज काचेतून बघायचो. पण त्याच्या पायाशी काही कधी उभा राहिलो नाही. जायचं कुठून?"

ती ताडकन उभी राहिली. मनोरा शहराची शान, प्रत्येक कॅलेंडरवर त्याचा फोटो. पण भोवती गोल रस्ता, रस्त्यावर गाड्यांचा गराडा, आत लोखंडी कुंपण, आणि कुंपणाला टेकवलेल्या दुचाक्या. लहानपणापासून मनोरा बघत आलेल्या माणसांनी त्याचा दगड हातानं चाचपलेला नव्हता. नगररचनेत इतकी वर्षं काढलेल्या बाईनंही नाही!

परतीच्या गाडीत तिनं कुणाचा डोळा लागू दिला नाही. बिस्किटांच्या पुड्याच्या पाठीवर चौक काढ, रस्ता वळव, पुन्हा खोड, नवऱ्याला कोपरानं ढोसून दाखव. "अहो, एक बाजू बंद केली तरी बस मागच्या रस्त्यानं जाते बघा!" नवरा डोळे मिटून "हो" म्हणत होता.

सोमवारी ती साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब म्हणाले, "बाई, तो रस्ता अडवला तर शहर ठप्प होईल."

"कायमचा नका अडवू, साहेब. एक रविवार द्या. दुपारपर्यंतच."

"आणि फज्जा उडाला तर?"

"तर सोमवारी खुशाल माझ्या नावानं खडे फोडा."

साहेबांनी मान डोलावली, पण ती एकदाची ब्याद टळावी म्हणून डोलावतात तशी. चौकातला चपलांचा दुकानदार त्याहून चिवट निघाला. "गाड्या नाहीत तर गिऱ्हाईक नाही. आमच्या पोटावर पाय आणताय तुम्ही, ताई."

"एकच रविवार बघा, दादा."

"बघणारच! दारात उभा राहून बघणार."

रविवार उजाडला. बॅरिकेड लागली, कुंपणाचं गंजलेलं फाटक तेल पाजून उघडलं, भाड्याच्या खुर्च्या आल्या. गाड्या थांबल्या आणि चौकात अशी शांतता पसरली की मनोऱ्यावरच्या घड्याळाची टिकटिक खाली ऐकू आली. तिच्या अंगावर काटा आला. "ऐकलंस?" तिनं नणंदेचा दंड धरला. "याला आवाज आहे!"

आवाज होता, माणूस मात्र नव्हता. लोक येत होते, पण सगळे फुटपाथवरून, एकामागे एक, अंग चोरून. शेजारी अख्खा रस्ता मोकळा पडलेला, त्यावर पाऊल टाकायला कुणी धजेना. दुकानदार दारात हाताची घडी घालून उभा.

तेवढ्यात एका आजीबाईंनी थांबून विचारलं, "कुणाचं भाषण आहे हो?"

"भाषण? नाही हो."

"मग पुढारी यायचाय का कुणी?"

ती वळली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खुर्च्यावाल्यानं इमानेइतबारे सगळ्या खुर्च्या मनोऱ्याकडे तोंड करून ओळीनं मांडल्या होत्या. सभाच ती! भाषण ऐकायच्या भीतीनं लोक पळत होते! राजवाड्यापाशी कोण राजवाड्याकडे बघत होतं?

तिनं ओढणी कमरेला बांधली आणि खुर्च्या ओढायला लागली. "चल, ये, वाकड्या लाव!"

"किती वाकड्या?" नणंदेनं विचारलं.

"गप्पा मारता मारता कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारख्या! दोन इथे सावलीत, तीन तिथे. ही एकटी राहू दे, एकट्यानं बसणारीही माणसं असतात."

इकडे सासऱ्यांनी खुर्चीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ फाटकातून आत गेले आणि मनोऱ्याच्या दगडाला दोन्ही तळवे लावून उभे राहिले. तेवढं बघून आजीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या. मग एक जोडपं आलं. मग कुणीतरी "बसलं तर चालतं ना?" असं विचारत बसलंच. आणि मग बांध फुटावा तशी माणसं आली! लहान मुलं रस्त्याच्या मधोमध सुसाट धावत सुटली, त्यांच्या आया मागे ओरडत होत्या आणि ओरडता ओरडता हसत होत्या. कोपऱ्यात बुद्धिबळाचा डाव पडला. चपलांच्या दुकानातलं बाकडं केव्हा बाहेर आलं कळलं नाही. गिऱ्हाइकं नव्या चपला घालून चौकभर फेऱ्या मारून बघत होती आणि दुकानदार त्यांच्यावर नजर ठेवत धापा टाकत होता.

"ताई, पुढच्या रविवारी आहे ना?" पळता पळताच त्यानं विचारलं.

सगळं गोडच झालं असं नाही. मागच्या गल्लीत गाड्या तुंबल्या, हॉर्नचा कल्लोळ उठला, साहेबांना फोनवर फोन गेले. साहेब स्वतः त्या कोंडीत अडकले, गाडी सोडून तणतणत चालत आले. "बाई, त्या गल्लीत काय..." एवढं म्हणून ते थांबले. समोर मोकळा मनोरा होता. त्यांनी एक खुर्ची ओढली, बसले आणि बाकीचं रागावणं बसून, बऱ्याच खालच्या आवाजात केलं.

पुढचे रविवार मिळाले, गल्लीतलं पार्किंग हटवायच्या अटीवर. त्या अटीपायी तिनं महिनाभर भांडणं झेलली. वर्ष संपायच्या आत चौकाची एक बाजू कायमची माणसांची झाली. बाकीच्या बाजूंना गाड्या अजून घिरट्या घालतात.

तिथलं डांबर उखडून महिने लोटल्यावर फरसबंदीचं काम निघालं, तेव्हा घड्याळाची देखभाल करणाऱ्या माणसानं तिला मनोऱ्याचा जिना उघडून दिला. सासरे म्हणाले, "मीही येणार." ती पुढे, ते मागे, पायरीपायरीवर दम खात दोघं वर पोचले. खाली चौक पसरला होता. सासऱ्यांनी आधी बस शोधली. "ती बघ, मागच्या रस्त्यानं चाललीय. वळण जरा जोरात घेतलं पोरानं!"

तिचं लक्ष बसकडे नव्हतंच. खाली कच्च्या मातीवर माणसांच्या पावलांनी वाटा पडल्या होत्या. शाळेकडून बाजाराकडे एक तिरकी, बसस्टॉपकडून पाण्याच्या नळाकडे एक, आणि नकाशात तिनं आखलेल्या सरळ, सुबक वाटेवर गवत उगवलेलं! ती कठड्यावरून इतकी वाकली की सासऱ्यांनी तिची ओढणी घट्ट धरली.

"मिस्त्री!" ती खालच्या फरशीवाल्या मिस्त्रींना ओरडून म्हणाली. "फरशी थांबवा! नकाशा बदलायचाय! आत्ता आले मी खाली!"