जमिनीवर आठशे फूट

रात्रभर लागलेला पाऊस उजाडता उजाडता थांबला. मनीमाजऱ्याच्या गल्लीत चिखलाचा काला झाला होता, पण पलीकडचे डोंगर घासून ठेवल्यासारखे लख्ख दिसत होते. विलासराव मगदूम गच्चीवर ढग बघत उभे होते आणि हातांनी लेकीच्या बुटात नाड्या ओवत होते.

"पाठवणी करायलाय काय पोरीची?" शालिनीताई म्हणाल्या. "बूट तरी तिचं तिला बांधू द्या."

"रहने दो ना, आई," पूर्वी म्हणाली. "बाबा को नींद नहीं आई होगी."

आली नव्हतीच. विलासराव गडहिंग्लजकडचे. हवाई दलात जवानांना पॅराशूटच्या उड्या शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली. शेवटची बदली चंदीगडला झाली आणि ते इथंच राहिले. आता एका खासगी क्लबात नवशिक्यांना शिकवायचे. त्या नवशिक्यांत यंदा पूर्वी होती. आजवर दोन मास्तर दोन्ही अंगांनी तिला धरून उडी मारत. आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. शालिनीताईंची अट एकच होती: "खाली तुम्ही असला पायजे. दुसरं कुणी चालायचं न्हाई."

क्लबाच्या धावपट्टीशेजारचं उतरायचं रान पाण्यानं भरलं होतं. विमान चालवणारा सौमित्र म्हणाला, "ऊपरवाले मैदान में उतार देते हैं, मगदूमजी." वरचं मैदान म्हणजे पिंजौरच्या पुढं, टेकाडावर. विमान इथूनच उडणार, पोरं तिथं उतरणार.

विलासरावांनी धावपट्टीवर रोजचं काम केलं. चौघांचे पट्टे ओढून बघितले. पाठीवरची आपोआप चालणारी पेटी चालू केली. माणसानं काहीच केलं नाही, तर जमिनीपासून हजार फुटांवर ती राखीव छत्री सोडते. मग प्रत्येकाच्या मनगटावरचं उंचीचं घड्याळ शून्यावर आणलं, शेवटी आपलंही. त्यानंतर पूर्वीला घेऊन ते ओल्या डांबरावर फेऱ्या मारू लागले.

"साडेपाच हजारावर?"

"खोलूँगी."

"उघडली, पर नीट न्हाई?"

"ढाई हज़ार तक ठीक करूँगी. नहीं हुई तो उसे काटके रिज़र्व खोलूँगी."

"आनि मी रेडिओवर बोललो तर?"

"दोनों पैर हिलाऊँगी." तिच्या हेल्मेटातल्या रेडिओवर नुसतं ऐकता यायचं, तेही छत्री उघडल्यावर. "आपकी ड्रीम सिचुएशन है, बाबा. आप बोलोगे, मैं चुप."

विलासराव जीप घेऊन वर पोचले, तेव्हा विमान चढायला लागलं होतं. वारा बघायला त्यांनी गवताच्या चार काड्या उडवल्या आणि हात खाली घेताना नजर मनगटावर गेली. ओल्या गवतात, दोन्ही पायांवर उभे होते ते, आणि घड्याळ सांगत होतं आठशे फूट.

शून्य जिथं उतरायचं तिथलं लावायचं, हा धडा ते पोरांना घोकून घ्यायला लावत. आज त्यांनी शून्य खालच्या सपाटीवरचं लावलं होतं. पूर्वीला अडीच हजार दिसतील, तेव्हा पायाखाली असतील सतराशे. आणि पाठीवरची ती पेटीही जिथं चालू केली तिथलीच जमीन शून्य धरते; शेवटची सोबत म्हणायची, तर ती जागी होणार भुईपासून दोनशे फुटांवर. तिथून छत्री उघडेस्तोवर माणूस जमिनीत जातो.

"सौमित्र, उडी थांबव. सौमित्र, सुनाई देता है?" वॉकीटॉकीतून नुसती खरखर आली. डोंगराच्या आड कधी कधी असंच व्हायचं. ते जीपकडं पळाले. तांबडं कापड जमिनीवर पसरलं की उडी नाही, अशी खूण ठरलेली होती. कापड दोरीत गुंडाळलेलं. गाठ पावसानं आवळलेली. दातांनी ती सोडवली, कापड पसरलं आणि वर बघितलं, तर विमानाखाली एक ठिपका सुटला होता. पहिला नंबर पूर्वीचा.

छत्री उघडली. पण दोऱ्या एकमेकींना पीळ घालून बसल्या होत्या आणि पोर त्याखाली भोवऱ्यासारखी फिरत होती.

"पूर्वी, ऐक. तुझं घड्याळ आठशे जास्त दाखवतंय. अडीच हजाराला न्हाई. तेहतीसशेला ठरव. तेहतीस. ऐकलंस तर पाय हलव."

ती पाय हलवतच होती. पीळ सोडवायला पाय झाडायचे असतात, हेही त्यांनीच शिकवलेलं. आता ते पाय त्यांना उत्तर देत होते की नुसतीच दोरीशी झुंज चालली होती, कळायला मार्ग नव्हता.

"तेहतीस, बाळा," ते म्हणत राहिले. ती खाली येत होती. डोळ्यांनी उंची मापायची सवय, पण आज डोळ्यांवरही भरवसा राहिला नव्हता. तेहतीस झाले की काय? आता काट म्हणावं, आणि पीळ सुटतच असला तर? न म्हणावं तर? ओठांपर्यंत शब्द आला.

एक वेढा उलटा सुटला. मग दुसरा. छत्री सरळ झाली.

"पूर्वी. ऐकलं असशील तर पाय हलव."

दोन्ही पाय एकदा हलले आणि स्थिर झाले.

"आता घड्याळाकडं बघायचंच न्हाई. मी सांगतो तसं वळ. डावीकडं. आजून. बास." तिला त्यांनी एखादं वासरू दाव्यानं गोठ्यात आणावं तसं मैदानात आणलं. ती गुडघ्यांवर पडली, चिखलात घसरली आणि उठून बसली. वर विमानानं कापड बघितलं असावं. दुसरं कुणी न सोडताच ते परत वळलं.

"ये आठ सौ क्या था?"

विलासरावांनी मनगट पुढं केलं. पूर्वीनं त्यांचं घड्याळ बघितलं, मग आपलं. हेल्मेट काढायला तिला वेळ लागला.

"किसने सेट किया था?"

"मी."

विलासरावांच्या खिशातला फोन वाजला.

"उतरली का?" शालिनीताईंनी विचारलं.

"उतरली."

"मग आवाज असा का येतोय तुमचा?"

"माझ्या हातनं चूक झाली. घड्याळाची. घरी येऊन सगळं सांगतो, काय झाकत न्हाई."

मग त्या म्हणाल्या, "तिला द्या."

त्यांनी फोन पूर्वीला दिला आणि थोडे लांब गेले. छत्री काट्यांत आडवी पसरली होती. ते मांडी घालून बसले, कापड मांडीवर ओढलं आणि एकेक गोखरू वेचून बाजूला टाकू लागले.