दाराकडे वळणारी सीट

धाकटीच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवल्या जातात. तिची थोरली बहीण इतकी उंच, की तिच्याशेजारी उभी राहिली म्हणून सगळी गल्ली हिला धाकटी म्हणायला लागली. पन्नाशी उलटली तरी नाव काही वाढलं नाही.

थोरली, म्हणजे ताई, तलावावर पोहायला शिकवायची. अर्ध्या गावाची पाण्याची भीती तिनं घालवली होती. एके दिवशी ओल्या फरशीवर तिचाच पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांधा बदलला आणि सांगितलं, "जखम भरली की पाण्यात व्यायाम सुरू करा. त्याच्यासारखं औषध नाही."

पण तलावापर्यंत जायचं कसं? धाकटीची गाडी छोटी. सीट खाली, दार अरुंद, आणि ताईला कमरेत फार वाकायची मनाई. दवाखान्यातून आणताना चौघांनी तिला कपाट चढवावं तशी आत चढवली होती. दोघं ढकलत होते, दोघं ओढत होते आणि येणारे-जाणारे फुकटचे सल्ले देत होते.

घरी पोचल्यावर ताई म्हणाली, "या डबीत मी परत पाय ठेवायची नाही."

ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जखम भरली तरी ती खिडकीशी बसून राहिली. बोलणं कमी झालं, मग जेवणही. जिच्या आवाजानं तलाव दणाणायचा, ती पाणी मागायलासुद्धा नुसता हात पुढे करायची.

त्याच सुमारास शोरूमवाल्यांनी छोट्या गाडीच्या मालकांना बोलावलं. गाडीत काय सुधारणा हवी, मोकळेपणानं सांगा म्हणाले. कुणाला डिकी मोठी हवी होती, कुणाला एसी जोरदार, एकाला पाण्याची बाटली ठेवायला जागा. धाकटी उठली.

"सीट दाराकडे वळायला हवी," ती म्हणाली. "माणूस बाहेर तोंड करून बसेल आणि बसल्याबसल्या आत वळेल."

मॅनेजर भला माणूस. "चांगलं सुचवलंत. वर कळवतो. पण अशा गोष्टीला वर्षं लागतात, बाई."

"मग तोवर मीच काहीतरी बघते," धाकटी म्हणाली.

आधी तिनं जाड गादी घातली. सीट उंच झाली, पण ताईचं डोकं छताला लागेल हे बघताक्षणी कळलं. मग गुळगुळीत कापड लावून पाहिलं. पहिल्याच वळणावर धाकटी स्वतःच घसरून दारावर आदळली. शेवटी तिनं पायाला लाकडी पट्टी बांधली, ताईसारखं न वाकता गाडीत बसायचा प्रयत्न केला आणि अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकून बसली. कोपऱ्यावरचा वेल्डर हातातलं काम टाकून धावला.

"काय चाललंय हे?"

"ओढ आधी, मग सांगते."

ऐकून घेतल्यावर वेल्डरही कामाला लागला. त्यानं दोन पातळ चकत्या एकीवर एक फिरतील अशा बसवल्या. धाकटीनं सीटचा फोम कोरून त्या आत दडवल्या, म्हणजे उंची वाढायला नको. गाडी चालताना सीट फिरू नये म्हणून खटका बसवला. बेल्टला मात्र दोघांनी हात लावला नाही. वर दाराच्या कडेला धरायला जाड पट्टा शिवला. ताईच्या वजनाएवढी पोती ठेवून, गल्लोगल्ली गाडी फिरवून झाल्यावरच ती ताईकडे गेली.

"एकदा बसून बघ. नाही जमलं तर परत म्हणायची नाही."

ताई कुरकुरतच काठी टेकत बाहेर आली. पाठ सीटकडे केली, पट्टा धरला, टेकली. मग हळूच वळली. पाय आत आले. कुणी हात लावला नाही.

"बघतेस काय? चल तलावावर," ती म्हणाली.

त्या दिवशी ती पाण्यात नुसती कठडा धरून चालली. पुढे कठडा सुटला. आणि एका सकाळी तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत तलाव पार केला. काठावर जुने शिष्य टाळ्या पिटत होते आणि धाकटी कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात उतरून रडत होती.

"रडतेस कशाला? टॉवेल दे," ताई म्हणाली.

बातमी लपते थोडीच? धाकटीच्या दारात छोट्या गाड्यांची रांग लागायला लागली. कुणाचे गुडघे दुखरे, कुणाची आई थकलेली, एक सून तर सासऱ्यांना रुसव्यासकट घेऊन आली. शोरूमचा मॅनेजर इंजिनियरला घेऊन आला, दोघं आळीपाळीनं सीटवर बसून वळून पाहून गेले आणि जाताना मॅनेजरनं स्वतःच्या आईसाठी नंबर लावला.

सीट बसवते धाकटी, पण बसायला शिकवते ताई. दुकानाच्या दारात काठी घेऊन ती उभी असते आणि तिचा आवाज कोपऱ्यावरच्या वेल्डरपर्यंत जातो.

"घाई नको, आजोबा. आधी पट्टा धरा. आता टेका. हां, वळा. बघा, आलात की नाही आत?"

आणि आजोबा, आपण कुठलीशी शर्यत जिंकल्यासारखे, हात लांबवून हॉर्न वाजवतात.