घरी राहिलेला चष्मा

कानडी मुलखातल्या आमच्या औराद बसस्टँडसमोरच्या हॉटेलात पंख्याखाली एकच खुर्ची आहे, बाकी सगळी बाकडी. पेपर मोठ्यानं वाचून दाखवील त्यानं त्या खुर्चीत बसायचं, असा तिथला रिवाज. उदगीरच्या कॉलेजात इतिहास शिकवून मी पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो, गावी परतलो आणि पहिल्याच आठवड्यात ती खुर्ची मला मिळाली. शाल, नारळ, सत्कार, स्टेजवरच्या खुर्च्यांसाठी चाललेली रेटारेटी, या सगळ्याला मी जन्मभर हसत आलो. पण हॉटेलातली ती प्लॅस्टिकची, एक हात तुटलेली खुर्ची मला हवी होती. हे आधीच कबूल करतो.

तीन वर्षं ती माझी होती. मग कंडक्टर अण्णा निवृत्त झाले.

अण्णांनी उभी नोकरी बीदर, औराद, कलबुर्गी अशा गाड्यांवर काढलेली. मराठी, कानडी, उर्दू आणि गरजेपुरती तेलुगू. इंजिनाच्या वर चढेल असा आवाज. माझा मराठी पेपर उदगीरच्या गाडीनं यायचा, साडेनऊला, तोही गाडी बंद पडली नाही तर. कानडी पेपर साडेसहालाच येऊन पडे. अण्णांनी तो उचलला, खुर्चीत बसले, कानडीत बघून मराठीत सांगायला लागले, आणि मी घडी उलगडेपर्यंत जगातल्या बातम्या भज्यांबरोबर संपलेल्या असत. माझ्या पेपरात विश्लेषण जास्त असतं, असं मी एकदोनदा सांगून पाहिलं. विश्लेषणासाठी तीन तास थांबणारा माणूस औरादेत नाही. बहुधा कुठंच नाही.

बातम्यांचं मला एवढं वाटत नव्हतं. पण बातम्या झाल्या की अण्णा पेपर उलटा करायचे, मागच्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "आता आजचं सदर." त्यात एक गोष्ट जुन्या काळची, एक आताची आणि एक सुखानं जगायची. या सदरासाठी लोक चहा लांबवत. एक ड्रायव्हर तर गाडी चालू ठेवून दारात उभा राही.

"नौबादला जमिनीखालनं पाणी जातंय, ठावं हाय ना?" अण्णा एकदा वाचत होते. "सुलतानाच्या काळातलं. वरनं विहिरीवानी भोकं पाडल्यात. तर हुकूम असा, की खाली खणणाऱ्यानं गाणं म्हणतच खणायचं. गाणं थांबलं की वरच्यानं दोर वडायचा."

"आन् ज्याला गाणं येत न्हाई त्यानं?" कोणीतरी विचारलं.

"त्यानं शिव्या द्यायच्या. आवाज चालू पायजे."

हॉटेल हसलं. बीदरजवळच्या नौबादच्या त्या भुयारी पाण्यावर मी वर्गात तासच्या तास बोललो होतो, हे गाणं मला कुठं भेटलं नव्हतं. मी विचारलं, "अण्णा, याला आधार काय?"

"छापलंय की सर." त्यांनी पेपर माझ्यापुढं धरला. "बघा."

मी खिसा चाचपला. "चष्मा घरी राहिला."

चष्मा खिशातच होता. मला कानडी वाचता येत नाही. बोलतो फडाफडा. बाजारात भाव करतो, कचेरीत भांडतो, पण अक्षर ओळखत नाही. आमच्या वडिलांची शाळा निजामाच्या काळात उर्दूत झाली, माझी मराठीत, मुलाची कानडीत. एका घरात तीन पिढ्यांचे कागद आहेत आणि दुसऱ्या पिढीचा कागद निघाला की आम्ही शेजाऱ्याकडं जातो. वर्गात हे मी गमतीनं सांगत असे. हॉटेलात सांगायची हिंमत झाली नाही.

मग एके दिवशी सदरात बिदरीची माती आली. बिदरी कामाला, म्हणजे चांदी जडवलेल्या जस्ताच्या भांड्यांना, काळा रंग चढवायला किल्ल्यातली माती लागते आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. हे मीच याच खुर्चीतून याच लोकांना सांगितलं होतं, मातीतल्या क्षारांसकट. तेव्हा मधेच एकजण म्हणाला होता, "सर, अजून चहा सांगू का?" अण्णांनी सांगताना स्वतःची जीभ बाहेर काढली, डोळे मिटले, जरा थांबले आणि म्हणाले, "किल्ल्याचीच हाय." लोक बाकड्यांवर थापा मारायला लागले. एक गवंडी खरोखर बाहेर जाऊन स्टँडची माती चाखून आला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

जळायला वय लागत नाही, हे मला साठीनंतर कळलं. अण्णांचा आवाज, अण्णांच्या चार भाषा, त्यांच्या चहात हॉटेलवाल्याची बायको न सांगता टाकते तो आल्याचा तुकडा, सगळं डोळ्यांत खुपायला लागलं. त्यात एका सकाळी त्यांनी सुखाची गोष्ट वाचली, "शेजाऱ्याची तूर बघायचीच असंल तर हुबं ऱ्हाऊन बघावी. चालत चालत बघितली की ठेच लागती." माझं शेत चिंताकीला, त्यांचं त्याच शिवारात. त्या वर्षी त्यांची तूर माझ्या तुरीपेक्षा कमरेएवढी वर होती. पेपरवाल्याला हे कसं कळलं?

तिथं संशय पक्का झाला. हा माणूस मनचं सांगतोय. पण सिद्ध करायचं तर वाचता यायला हवं.

बीदरला जाऊन मी पहिलीचं कानडी पुस्तक घेतलं. दुकानदारानं विचारलं, "मुलगा कितवीत?" मी म्हणालो, "नुकताच शाळेत बसलाय." घरी ते मराठी पेपरात लपवून गिरवू लागलो. दुपारी स्टँडवर जाऊन गाड्यांच्या पाट्या वाचायचो. उदगीर, भालकी, बीदर, कलबुर्गी. कुठं जायचंय ते आधी माहीत असलं की अक्षर लवकर हाती लागतं. मागच्या पानासाठी मात्र हॉटेलात रोज भजी बांधून घ्यायला लागलो, कारण हॉटेलवाला आदल्या दिवशीचाच पेपर फाडून त्यात भजी देतो. मी त्याला म्हणायचो, "मागचं पान दे, त्याला शाई कमी अस्ती." बायकोनं चौथ्या दिवशी विचारलं, "कामून आणायलाव इतकी भजी? पोट बिघडलंय न्हवं तुमचं?" मी कागद उन्हात वाळवत होतो. तेलानं अक्षर पारदर्शक होतं आणि पलीकडची बातमी अलीकडं दिसते, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

अडीच महिने लागले. मागच्या पानाचा खालचा कोपरा मी एकूण अकरा दिवसांचा वाचला. बोअरवेलची जाहिरात. क्लासची जाहिरात. हरवलेल्या मार्कलिस्टची नोटीस. पुन्हा बोअरवेल. सदर नव्हतंच. इतका आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच गेलो. हॉटेल भरेपर्यंत वाट पाहिली. अण्णांनी पेपर उलटा केला, कोपऱ्यावर बोट ठेवलं, "आता आजचं सदर," म्हणाले, आणि मी उठलो.

"अण्णा, तिथं सदर न्हाई. तिथं बोअरवेलची जाहिरात हाय."

हॉटेलवाला झाऱ्या हातात घेऊन म्हणाला, "व्हय की सर. तिथं कायम बोअरवेलच अस्तंय."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्यालाच ठावं हाय. आमी सगळे कानडी शाळंतले. पेपरात असलं कुठं येतंय व्हय?"

"मग मला कामून सांगितलं न्हाई कुणी?"

दारातला ड्रायव्हर म्हणाला, "आमाला वाटलं, तुमाला वाईट वाटंल. मराठी पेपर आला की चष्मा खिशात, कानडी आला की घरी. पाच वर्षं बघायलोत आमी."

म्हणजे फसलेला माणूस हॉटेलात एकच होता, आणि त्याच्याच घरात सगळ्यात जास्त पुस्तकं होती. मी चप्पल शोधायला लागलो.

"बसा की सर," अण्णा म्हणाले. चेहऱ्यावर लाज नाही, राग नाही. "अर्ध्या गोष्टी तुमच्याच हायत. माती तुमची, नौबाद तुमचं. मी तवा तिकडच्या बाकड्यावर बसून ऐकायचो. गाणं तेवढं माझं." मग खुर्चीतून उठले आणि पेपर माझ्या हातात दिला. "वाचा."

"काय वाचू?"

"बोअरवेल वाचा. अडीच म्हैने भजी खाल्लाव त्याच्यापायी."

भज्यांचंही माहीत होतं तर.

मी खुर्चीत बसलो. खिशातून चष्मा काढला, तेव्हा कोणीतरी मुद्दाम खोकलं. मग बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. 'नीरु', म्हणजे पाणी, लगेच आलं. 'भूमी' आलं. जोडाक्षराशी अडलो तेव्हा गवंड्यानं मागून हळूच सांगितलं. तीन ओळींना चहा निवायला लागावा एवढा वेळ लागला, पण कोणी मधे बोललं नाही, कोणी चहा सांगू का म्हणून विचारलं नाही. एवढं लक्ष देऊन मला उभ्या नोकरीत कोणत्या वर्गानं ऐकलं नसेल.

"वाचायलेत की सर!" हॉटेलवाला म्हणाला. सगळे खूश झाले. मीही झालो, साधारण अर्धा मिनिट.

कारण मग ड्रायव्हर दारातून म्हणाला, "अण्णा, सांगा आता आजचं. गाडी चालू हाय माझी." आणि सगळ्यांची तोंडं बाकड्याकडं वळली, जिथं अण्णा नुसते बसले होते. हातात पेपर नाही, वर पंखा नाही. खुर्चीत मी होतो, आणि खुर्चीकडं कोणी बघत नव्हतं.

अण्णांनी घसा साफ केला. मला नीट दिसेना, म्हणून मी खुर्चीतून उठलो आणि उभा राहून बघू लागलो.