ओ द्यायची नाही

माझ्या मुलीला घरात सगळे खिळा म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. "एकदा ठोकला की वाकेल, पण निघायचा नाही," असं म्हणाले आणि स्वतः निघून गेले. ते जहाजावर स्वयंपाकी आहेत, वर्षातले नऊ महिने समुद्रात. खिळ्याशी झटापट करायला मागे उरते मी.

मी एका लाँड्रीत मागच्या खोलीत शिवणकाम करते. बाह्या आखूड करायच्या, चेन बदलायची, पोट सुटलेल्यांच्या पॅन्ट्स सैल करायच्या आणि त्यांना म्हणायचं, "कापड आटलं असेल हो." तोंडाने मी फटकळ आहे, पण गिऱ्हाइकाशी नाही. घरी मात्र एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची माझी तयारी नसते. खिळ्याच्या बाबतीत तशी वेळच यायची नाही.

ती आठ वर्षांची असतानाची गोष्ट. मी कामावर जाताना तिला बजावलं, "मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही." नेमकी त्याच दिवशी माझी धाकटी बहीण न कळवता आली. दोन हातात दोन बॅगा. बाहेरून हिने सोन्या म्हटलं, राणी म्हटलं, चॉकलेटचं आमिष दाखवलं. आतून उत्तर एकच, "मावशी, आई आली की उघडते हं." वर दाराखालून वर्तमानपत्र सरकवलं, मावशीला पायरीवर बसायला. अडीच तासांनी मी पोचले तर बहीण लालबुंद. "पोरगी आहे की तुरुंगावरची शिपाई?" म्हणाली. मी वरवर रागावले, पण आतून काय फुगले होते! महिनाभर दुकानात येईल त्याला तीच गोष्ट. आमच्या पोरीला एकदा सांगितलं की सांगितलं! ती शेखी आता आठवली की घशात अडकते.

पंधराव्या वर्षी ती शाळेतून कॅडेट झाली. गणवेशाची पॅन्ट मी तीनदा उसवली, तेव्हा कुठे आमच्या बाईसाहेबांच्या मनास आली. मग एक दिवस कागद घेऊन आली. पाच दिवस जंगलात मुक्काम, शोध आणि बचाव प्रशिक्षण, पालकांची सही.

"तिथं काय करणार तुम्ही?" मी विचारलं.

"हरवलेली माणसं शोधायला शिकवतात."

"घरातली कात्री सापडत नाही तुला, माणसं कुठली शोधतेस?"

"कात्री ओ देत नाही ना, आई. माणसं देतात."

केली सही. लाँड्रीत दोन वर्षं कोणी न्यायला न आलेलं एक जाडजूड निळं जॅकेट पडून होतं, ते मालकांनी मला दिलं. बाह्या चार बोटं आखूड केल्या, आतून एक खिसा लावला. "थंडी आहे तिकडे. काहीही झालं तरी हे अंगातून काढायचं नाही," मी म्हटलं. तिने मान हलवली. तिची ती मान हलवण्याची पद्धत आहे, एकदाच, खाली. सही-शिक्का झाल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मी एका नवरदेवाच्या कोटाला टाचण्या लावत होते आणि चार टाचण्या तोंडात होत्या.

"आई, उद्या मी हरवणार आहे!" आवाज नुसता उड्या मारत होता. उद्याच्या सरावात हरवलेली मुलगी म्हणून शिबिराच्या सरांनी तिची निवड केली होती. पहाटे तिला रानात सोडणार, तिने लपायचं, बाकीच्यांनी शोधायचं. "पण जॅकेट झुडपावर टांगून ठेवायला सांगितलंय. खूण म्हणून. हरवलेली माणसं अशा वस्तू टाकत जातात ना, त्यावरून माग काढायला शिकवायचंय. तू काढू नको म्हणाली होतीस. काढू का?"

तिने विचारलं हो मला. चांगलं स्पष्ट विचारलं. आणि मी टाचण्यांमधून म्हणाले, "सर सांगतील तसं कर. अगदी तसंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास दुकानातला फोन वाजला. "बाई, घाबरू नका," असं म्हणून सर बोलायला लागले. असं कोणी म्हटलं की घाबरायचं असतं, एवढं मला कळतं. पुढचं मी अर्धंच ऐकलं. मालकांनी हातातली इस्त्री खाली ठेवली, कपडे पोचवायची गाडी काढली आणि मला नेलं. दोन तासांचा रस्ता. शेवटचा पाऊण तास धुक्यातून. गाडीत मागे धुतलेले कोट हँगरवर डुलत होते आणि मी मनात म्हणत होते, जॅकेट, जॅकेट, जॅकेट.

ते जॅकेट मला दिसलं तंबूतल्या टेबलावर, नकाशाशेजारी. बाहीची शिवण माझी. सकाळी दहालाच पोरांना ते सापडलं होतं. शाबासकीही मिळाली होती म्हणे.

सर म्हणजे चांगला सहा फुटी माणूस. जंगलातली आग विझवण्याच्या कामात उभा जन्म गेलेला. पोरं जीव टाकतात त्यांच्यावर. पण त्या दिवशी ते माझ्यापुढे शाळकरी पोरासारखे उभे होते. त्यांनी सांगितलं ते असं. पहाटे पाचला ड्रायव्हरने खिळ्याला ओढ्यापाशी सोडलं. ओढ्यापासून टेकडीपर्यंत हवं तिथे लप, एवढंच तिला सांगितलं होतं. नेमकी जागा कोणालाच माहीत नव्हती, सरांनाही नाही.

"तुम्हालाही नाही?" मी ओरडलेच.

"मुद्दामच, बाई. मला माहीत असलं की पोरं माझ्या तोंडाकडे बघून ओळखतात."

अकराला अचानक धुकं उतरलं, बारीक पाऊस सुरू झाला. सरांनी गाडीचा हॉर्न वाजवून सराव थांबवला. बाकी सगळे परतले, ही नाही. येत असेल चालत, म्हणून अर्धा तास वाट पाहिली. मग खरा शोध सुरू झाला. हाताच्या अंतरावर रांग धरून पोरं चालत होती. एक शिट्टी, थांबायचं, हाक मारायची, कानोसा घ्यायचा, पुढे. चार तास झाले होते. गावातून आणखी माणसं निघाली होती, पण साडेसहाला अंधार पडणार होता.

"अंगात काय आहे तिच्या?" मी विचारलं.

"शर्ट," सर म्हणाले. "आणि आता तो ओला असणार."

नुसतं बसून काय करू? "मला न्या ओढ्यापाशी. माझ्या हाकेला ओ देईल ती," मी म्हटलं. सरांनी नेलं. मी हाका मारायला लागले. खिळ्या म्हटलं, बाळा म्हटलं, तिच्या बाबांचं नाव घेतलं. आई आलीय गं, घरी जायचंय, म्हटलं. दहा पावलांपुढचं झाड दिसत नव्हतं, हाक धुक्यात जाऊन तिथंच विरत होती. मग हाकांचं रडणं झालं. चारचौघांत मी कधी रडले नव्हते, माझी आई गेली तेव्हासुद्धा नाही, पण त्या दिवशी भोकाड पसरलं. लाज कसली त्यात? एक तास. आवाज बसला. पलीकडून काही नाही.

मग मला आला राग. रडून झालं की मला राग येतो. सरांचा हात धरून मी बसक्या आवाजात म्हटलं, "काल तिला काय सांगितलं होतंत? शब्द न् शब्द सांगा. तुमच्या पदरचं काही जोडू नका."

ते म्हणाले, "नेहमीचंच सांगितलं. तू पडून बेशुद्ध झाली आहेस. हलायचं नाही, ओ द्यायची नाही. कोणी येऊन खांद्याला हात लावला तर सापडलीस. नाहीतर तीन लांब शिट्ट्या झाल्या की सराव संपला, उठून यायचं."

"आणखी?"

त्यांनी मान खाली घातली. "आधीच्या सरावात एका मुलाने हाक ऐकून ओ दिली होती. सगळे हसले. म्हणून मी हिला म्हणालो..."

"काय म्हणालात?"

"प्रत्यक्ष तुझी आई येऊन रडली, तरी ओ द्यायची नाही."

मी त्यांचा हात सोडला.

"बाई, तसा सराव असतो आमचा," ते घाईघाईने म्हणाले. "शोधताना घरचे लोक रडारड करतात, तेव्हा डोकं शांत कसं ठेवायचं, हे शिकवायला आम्ही कोणाला तरी नातेवाईक बनवून आणतो. ते सगळ्या मुलांना माहीत आहे. पण ती हॉर्न ऐकून उठली नाही, म्हणजे खरंच कुठे पडली असणार..."

"हॉर्न कुठून आला मध्येच? आत्ता शिट्ट्या म्हणालात."

"तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, अशीही खूण आहे. पोरांच्याही गळ्यात शिट्ट्या असतात, त्यांचा गोंधळ व्हायला लागला, म्हणून आज सकाळी मी ते बदललं. आज तीन शिट्ट्या कोणीही वाजवायच्या नाहीत, सराव संपला की हॉर्न, असं सगळ्यांना सांगितलं."

"किती वाजता?"

"सातला. सगळे रांगेत..."

आणि तिथे ते थांबले. सातला सगळे रांगेत होते. खिळा पाचपासून रानात होती. एवढा शिकला-सवरलेला माणूस, बावीस पोरांना ओरडून ओरडून नियम सांगितला आणि जिला सांगायचा ती एकटीच तिथे नव्हती.

"वाजवा," मी म्हटलं. "मेल्या त्या तीन शिट्ट्या वाजवा आधी!"

त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. पहिली शिट्टी नीट लागलीच नाही. मग तीन वाजवल्या, लांब. सगळी रांग थांबली. काही नाही. पुन्हा तीन. आणि मग डावीकडून, ओढ्याच्या काठाखालून, एक शिट्टी आली. शिट्टी कसली, फुंकर ती. एका कॅडेट पोरीने ऐकली आणि ती चिखलात घसरत खाली गेली. मी जिथे उभी राहून तासभर गळा काढला, तिथून जागा पन्नास पावलांवर होती. काठ आतून कोरला गेला होता, त्या पोकळीत पाय पोटाशी घेऊन ती पडली होती, अंगावर स्वतःच ओढून घेतलेला पाचोळा.

खांद्याला हात लागल्यावर तिने डोळे उघडले म्हणे. विचारलं, "सापडले का मी?"

तिचं कुडकुडणं थांबलेलं होतं. मला वाटलं, बरं झालं. सर म्हणाले, हेच वाईट, अंगातली ऊब संपत आली की कुडकुडणंही थांबतं. ओला शर्ट कापून काढला, कोरड्या पांघरुणांत गुंडाळली, स्ट्रेचरवर घालून आडवीच वर आणली. तिला पायावर उभी करायची नाही, चोळायचं नाही, असं ते पोरांना सांगत होते आणि पोरं रडत रडत सगळं नीट करत होती. मालकांनी गाडीतले दोन लोकरी कोट हँगरवरून ओढून तिच्यावर टाकले. कोणाचे होते, देव जाणे.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं. ते वाक्य त्यांनी अर्धंच ठेवलं आणि मीही पुरं करायला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गालावर रंग आला. सर बाहेर बाकावर बसून होते, आत यायचं धाडस नव्हतं त्यांना. मी त्यांना चार शब्द सुनवायचं ठरवून ठेवलं होतं. पण त्यांच्याकडे पाहिलं की मला माझ्याच तोंडातल्या टाचण्या आठवायच्या. कोणत्या तोंडाने बोलू?

खिळ्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आई, काय खरं रडलीस गं काल! मला वाटलं, सरांनी तुला शिकवून आणलंय. मलाही रडू येत होतं, पण मी तोंडात बाही धरून ठेवली. जरासुद्धा आवाज केला नाही."

कौतुकाची वाट बघत होती ती. मावशीला पायरीवर बसवल्याबद्दल मिळालं होतं तसं.

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशी धरावीशीही वाटली. मी नुसतं तिचं पांघरूण सारखं केलं. तिला माझा चेहरा दिसला असावा.

"मी चुकले का?" तिने विचारलं.

"नाही गं. सांगितलं तसंच केलंस. पण ऐक माझं. यापुढे जिवावर बेतेल असं कोणी काही सांगितलं, तर ते ऐकायचं नाही. सरांचं नाही, माझंसुद्धा नाही. डोकं आहे ना आपल्याला? ते वापरायचं. कळलं?"

तिने मान हलवली. एकदाच, खाली.

"बरं आई," ती म्हणाली. "तू सांगशील तसं."