सहा लाल ओळी

"ममता मॅडम, हे लाल काढा."

साहेब, म्हणजे आमचे तालुका आरोग्य अधिकारी, पेशानं डॉक्टर, माझ्या खुर्चीमागे उभे होते. साडेदहा वाजले होते. अकरा वाजता जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे स्क्रीनवरची मीटिंग. त्यात आमच्या तालुक्याची शीट मला शेअर करायची होती.

"काऊन सर?"

"खराब दिसते. सगळे तालुके पांढरे आणि आपलाच लाल दिसून राहिला. झिरो टाका तिथं."

मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात डाटा ऑपरेटर आहे. कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा ऑर्डर. मिळाली तर. माझी ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. हे साहेबांना माहीत होतं आणि मलाही.

शीट मलेरियाची होती. आमच्याकडे धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, आणि जंगल एकमेकांना लागून. पावसाळा सरता सरता ताप येतोच. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरतो, ताप असलेल्या माणसाच्या बोटाला टोचतो आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो. त्या काचपट्टीला सगळे स्लाइडच म्हणतात. स्लाइड प्रयोगशाळेत जाते, तिथून निकाल येतो, तो मी भरते. एका ओळीत एक गाव. पहिल्या कॉलमात किती स्लाइड घेतल्या, दुसऱ्यात किती पॉझिटिव्ह निघाल्या, तिसऱ्यात टक्के. टक्के मी काढत नाही, फॉर्म्युला काढतो. आणि एखाद्या गावाचा आकडाच आला नाही, सेल रिकामा राहिला, तर टक्केही रिकामे राहतात आणि ती ओळ आपोआप लाल होते. हा नियम मी लावला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सहा ओळी लाल होत्या. डोंगरालगतची सहा गावं. त्यांची नावं सांगत नाही, ओळखीची माणसं आहेत. तिथल्या कर्मचाऱ्याची बदली झाली होती. त्याच्या जागी कोणी आलं नव्हतं. म्हणून आकडा नव्हता.

"सर, तिथं दोन महिने झाले कोणी गेलंच नाही," मी म्हटलं.

"मग निरंकच ना?"

निरंक हा सरकारी शब्द. त्याचा अर्थ, पाहिलं आणि काही निघालं नाही. इथं कोणी पाहिलंच नव्हतं. आणि पाहायची गरज होती, हे मला त्याच आठवड्यात सोमवारी कळलं होतं. त्या सहापैकी एका गावची आशा कार्यकर्ती शांताबाई कार्यालयात आली होती. आधी पायी सडकेपर्यंत, मग एसटीनं. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "मॅडम, दर दुसऱ्या घरी हुडहुडी भरून राहिली लोकायले. माह्याजवळच्या किट संपल्या, गोळ्या संपल्या. तुमचा माणूस कायले नाही येऊन राहिला?" मी तिच्याकडून दोन ओळींचा अर्ज लिहून घेतला, आवक रजिस्टरला चढवला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "पाहू."

आता ते पाहत होते, पण लाल रंगाकडे.

"सर, रिकामं ते रिकामंच राहू द्या. मी झिरो नाही टाकणार."

साहेबांनी स्टोअरच्या राकेशभाऊंना हाक मारली. राकेशभाऊ गोंदिया शहरातले, बोलणं हिंदीच. त्यांना कॉम्प्युटर चांगला येतो. "अरे मॅडम, आधे मिनट का काम है," म्हणत ते माझ्या खुर्चीत बसले. अर्धं मिनिटही लागलं नाही. सहाही ओळींचे रिकामे सेल एकदम निवडले, शून्य दाबलं, भरलं. लाल गेलं.

आणि टक्क्यांच्या कॉलमात सहा वेळा उमटलं: #DIV/0!

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

मला ते काय आहे हे शाळेपासून माहीत होतं. आमचं गाव बिरसी विमानतळाच्या बाजूला. डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची विमानं फिरायची आणि खाली आमच्या शाळेत पाच कॉम्प्युटर कापड पांघरून बसलेले असायचे. चप्पल बाहेर काढून आत जायचं, लांबून पाहायचं आणि परत यायचं. मुलींना तर "हात नका लावू, वायरस येते" असंच सांगितलेलं. वायरस आमच्या हातातून येतो असं मी आठवीपर्यंत समजत होते. गणिताच्या सरांना याचा राग यायचा. त्यांनी एक दिवस फळ्यावरच खडूनं चौकोन आखले. वर ए, बी, सी. बाजूला एक, दोन, तीन. म्हणाले, "हे एक्सेल. चला, फॉर्म्युला लिहा." वर्षभर आम्ही फळ्यावर एक्सेल शिकलो. एन्टर म्हणजे सरांनी डस्टर आपटायचं. एकदा मी शून्याला शून्यानं भागायला सांगितलं. सर म्हणाले, "मशीन इथं थांबते. कशाचे टक्के काढू, ते विचारते."

पुढं गोंदियाला क्लास लावला तेव्हा पहिल्यांदा माऊस हातात आला. शिकवणारी दीदी म्हणाली, "डरना मत, बटन दबाने से कुछ जलता नहीं." फॉर्म्युले मला आधीच पाठ होते. भीती तेवढी घालवायची होती.

तर साहेबांना मी सांगितलं, "सर, झिरो स्लाइड म्हणजे झिरो तपासणी. टक्के कशाचे काढणार? शीटलाही हे पटत नाही."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं करा. स्लाइडमध्ये दहा-दहा टाका. पॉझिटिव्ह झिरोच ठेवा."

राकेशभाऊंनी माऊसवरचा हात उचलला. "सर, स्टोअर में गाडी आई है," म्हणाले आणि उठून गेले. गाडी कोणतीच आली नव्हती.

"टाका मॅडम."

"नाही टाकणार."

"कायले नाही?"

"सहा गावं, दहा-दहा म्हणजे साठ माणसं. त्यांच्या बोटाला टोचलं कोणी? उद्या कोणी विचारलं तर मी कोणाचं नाव सांगू?"

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तुमची ऑर्डर या महिन्यात संपते ना?"

"हो सर. तीस तारखेला. तोपर्यंत शीट माझ्याकडं आहे. तुम्हाला दहा-दहाच पाहिजे असेल तर नोटशीटवर लिहून सही द्या. मी लगेच टाकते."

त्यांनी पेन काढला नाही. मी खुर्चीत बसले आणि कंट्रोल झेड दाबलं. झिरो एका झटक्यात गेले. सहा ओळी परत लाल.

अकरा वाजता व्हीसी सुरू झाली. आमचा नंबर चौथा. मी शीट शेअर केली. जिल्ह्याच्या मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "ये लाल क्या है? एरर है क्या?"

साहेब म्हणाले, "मॅडम, टेक्निकल प्रॉब्लेम आहे. ऑपरेटरकडून जरा..."

व्हीसीत ऑपरेटरनं बोलायचं नसतं. त्यानं स्क्रीन वर-खाली करायची असते. मी माईककडे सरकले आणि म्हटलं, "मॅडम, मी ऑपरेटर बोलत आहे. टेक्निकल काही नाही. या सहा गावांत दोन महिने कोणी स्लाइड घेतलेली नाही. पद रिक्त आहे. एका गावातून तापाचा अर्ज आलाय, आवक नंबर सांगू का?"

पलीकडे कोणीतरी खोकलं. मग मॅडम मराठीत आल्या. "अर्जाचा फोटो पाठवा. उद्या टीम जाईल. डॉक्टर, तुम्ही स्वतः सोबत जा."

टीम गेली, साहेबही गेले. नाला भरलेला होता म्हणून शेवटचा टप्पा त्यांना चालावा लागला. दोन दिवसांनी निकाल आले आणि ते मीच भरले. शांताबाईच्या गावात अकरा पॉझिटिव्ह. त्यात तिची सात महिन्यांची गरोदर सून होती. तिला लगेच दवाखान्यात हलवलं. पुढं तिला मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

त्या सहा गावांना तीन आठवड्यांत नवीन कर्मचारी मिळाला. मागणीच्या पत्रावर सही साहेबांचीच होती. माझी ऑर्डर निघाली, पण तीस तारखेला संध्याकाळी पाच वाजता, आणि तिच्यासोबत दुसरा कागद होता. मलेरियाची शीट काढून घेतली होती. मला लसीकरणाच्या टेबलावर बसवलं होतं, मागच्या खोलीत, जिथं पंखा नाही. राकेशभाऊ माझा मॉनिटर उचलून पोहोचवायला आले. म्हणाले, "मॅडम, अब यहाँ आराम से रहना."

तिथं काम एवढंच. लसीच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ पाहून लिहायचं. दोनच्या खाली गेलं तरी काही लसी खराब, आठच्या वर गेलं तरी खराब. मागच्या महिन्याची शीट उघडली. एक तारखेला पाच. दोन तारखेला पाच. तीस दिवस, दोन्ही वेळा, पाच. जे दोन दिवस विजेची लाइनच नव्हती त्या दिवसांतसुद्धा पाच. वरचा सेल धरून खालपर्यंत ओढला की असं होतं.

शिक्षा म्हणून एखाद्याला हलवताना, नव्या टेबलावर कोणती शीट आहे ती साहेबांनी आधी पाहून घ्यावी. मी खुर्ची मागे सरकवली आणि राकेशभाऊंना विचारलं, "भाऊ, फ्रिज कुठं आहे?"